दहा जणांचा तंबू

२ जानेवारी २०२५, गुरुवार

पुतणीच्या लग्नाचा खरा खर्च आज कळला. मंडप घरचा, म्हणजे फुकट — असं सगळे धरून चालले होते. मी मांडतो. दोन कनाती आचाऱ्याच्या भट्टीने जळल्या. एक चांगला दोर कुणीतरी बैल बांधायला नेला. माझ्या डाव्या अंगठ्याचं नख घणाखाली गेलं. आणि चौथी बाब आज अल्बम आल्यावर समजली — तीनशे बारा फोटो, त्यात मी एकातही नाही. चुकलो, एकात आहे. वरमालेचा फोटो. मागे डावीकडे, दोर धरलेला अर्धा हात. घड्याळावरून ओळखला.

छायाने पानं शेवटपर्यंत उलटली. "सख्ख्या पुतणीचं लगन, अन् काका दिसूनच नाही राह्यला!"

म्हटलं, मंडप दिसतोय ना? प्रत्येक फोटोत आहे! झालर बघ, एका ठिकाणीही लोंबलेली नाही.

"मी का मंडपासंगं लगन केलं?"

सून अनुपमा पदराआड हसली. मला ऐकू आलं. मला सगळं ऐकू येतं.

मग छायाने अल्बम बाजूला ठेवला आणि सांगितलं — सांगितलं म्हणजे हुकूमच. पौष लागला, लग्नं बंद. नात समीक्षा दिवाळीपासून तंबू-तंबू करून राहिली आहे. एक मोठा तंबू घ्यायचा, एक रात्र सगळ्यांनी बाहेर जायचं. "माही एकच अट. तुमी आत झोपायचं. गाडीत नाही, सामानावर नाही. आत. आमच्यात."

दिलं वचन. तीस वर्षांत तिने मागितलं काय, तर एक रात्र! आणि मागितली कुणाकडे? धाडपासून मेहकरपर्यंत ज्याचे मंडप उभे राहतात त्याच्याकडे. तंबू निवडणं मला जड आहे होय!


३ जानेवारी

गोदामात जाऊन जुन्या शामियान्याचं कापड काढलं. म्हटलं विकत कशाला, घरीच शिवतो. छाया दारात. "ते धंद्याचं कापड नको. त्या कापडाखाली तुमी झोपत नाही, पहारा देता."

कापड परत घडी करून ठेवलं. 


५ जानेवारी, रविवार

जेवताना तंबूचा विषय काढला, आणि ताटं वाळेपर्यंत संपला नाही.

आईची पहिली अट — वाकून आत जाणार नाही. "माहे गुडघे वाकत नाहीत, निवृत्ती. कुत्र्यावानी रांगत जायचं असंन तर मी घरीच बरी." दुसरी अट अशी की, घर असताना पालात काऊन झोपायचं ते आधी कुणीतरी समजावून सांगा. कुलदीपने समजावलं. आपला कुलदीप बुलढाण्याला ठिबकच्या कंपनीत आहे, समजावणं हेच त्याचं काम. आई म्हणाली, "हाव, समजलं. पण काऊन?"

अनुपमाला मध्ये पडदा हवा. तोंडाने म्हणाली, कपडे बदलायला. बरोबर आहे तिचं. पुष्पांजलीचा हॉस्टेलवरून फोन — रंग हिरवा घेऊ नका बाबा, फोटोत चेहरे आजारी दिसतात. (हे मला माहीत आहे! हिरव्या मंडपातल्या नवऱ्या मी पाहिल्या आहेत.) समीक्षाला वर खिडकी हवी, झोपून चांदण्या दिसतील अशी.

कुलदीपचं एकच — बाबा, ऑनलाइन मागवू, परवा घरी येतो. म्हटलं, फोटोतलं कापड हाताला लागत नाही आणि कानालाही लागत नाही.

"कानाले?"

कानालेच. कापडाला झटका दिला की ते बोलतं. ते ऐकायचं.

छायाने काहीच मागितलं नाही. तिचं मागून झालेलं आहे.


७ जानेवारी

कुलदीपने मोबाइलवर दाखवलं — "सहा जणांचा तंबू". माप पाहिलं, दहा फूट बाय नऊ. हसू आलं. कंपनीवाला माणूस मोजतो तो उताणा, हात अंगाला चिकटवलेले, ना उशी, ना पिशवी, ना चपला. तसा माणूस मी फक्त एकाच प्रसंगी पाहिला आहे आणि तेव्हा तो झोपलेला नसतो.

मी वरातीचे जानोसे लावले आहेत, अख्ख्या वऱ्हाडाची झोपायची सोय. एका गादीला तीन बाय सहा लागतात. कुशीवर वळायला, उशाशी पिशवी ठेवायला, म्हाताऱ्या माणसाला उठून जायला वाट — हे सगळं धरावं लागतं. कंपनीच्या सहा जणांत खरे चार. दहा जणांत खरे सहा. कोणी मला फसवून दाखवावं!

माणसं मोजावीत तर मीच. मेहकरला एका पार्टीने पाचशे पानं सांगितली होती. मी मंडपाच्या खांबाला टेकून डोळे मिटले आणि ऐकलं. तीनशे माणसांचा मंडप गुणगुणतो. पाचशेचा घुमतो. त्याच्यावर गेला की शेजारच्याचं ऐकू येत नाही, ओठ पाहावे लागतात. आचाऱ्याला म्हटलं, सातशे वीस धर. तो म्हणे, भाऊ, तुमाले ऊन लागलं. जेवणं झाल्यावर पत्रावळ्या मोजल्या — सातशे सोळा. चार माणसं तर आहेर देऊन उभ्या उभ्या निघून जातातच.

हे नारायणरावांनी शिकवलं. त्यांच्याच बिछायत केंद्रात मी पहिल्यांदा खुंटी ठोकली. दोन गोष्टी त्यांनी पहिल्या दिवशी सांगितल्या, त्या आजही पाळतो. आपण उभारलेल्या मंडपात आपण पाहुणा व्हायचं नाही — शेवटची पंगत उठल्यावर ताट, आणि झोपणं सामानाजवळ. आणि मोजताना मंडप उभारणारी माणसं धरायची नाहीत.

तीन खुंट्या माझ्या होत्या तेव्हा. आज सहाशे पाइप आहेत, दोन गाड्या, गावाच्या बाहेर गोदाम. नारायणराव असते तर दाखवलं असतं.


९ जानेवारी, गुरुवार

संभाजीनगर. कुलदीप सोबत. तंबूंचं दुकान एवढं मोठं की आत माझा मंडप बसेल.

दुकानदार पोरसवदा, चटपटीत. "काका, किती मेंबर?"

आम्ही दोघं बापलेक एकदमच बोललो — सहा! दुकानदार हसला. मला बरं वाटलं. माझी सवय पोराला लागली आहे. विचारल्याबरोबर आकडा तोंडावर.

पहिला तंबू घुमटासारखा. देखणा. पण दार कमरेएवढं, आईच्या गुडघ्यांनी तो तिथेच नापास केला. दुसरा तीन खोल्यांचा, अनुपमाने मोबाइलवर पाहून ठेवलेला तोच. आत गेलो, चेन लावली, उघडली, परत लावली. दुकानदार म्हणे, काका, खराब नाहीये. म्हटलं, ऐक. कर्र, कर्र, आणि मध्ये एक बारीक टक्. त्या टक्-वर ती महिन्याभरात अडकणार. त्याने मान डोलावली आणि गप्प झाला. विकणारा गप्प झाला की समजायचं.

तिसरा — हा! चौदा बाय दहा. मधोमध सात फूट उंच, भिंती सरळ, आई ताठ मानेने आत जाईल. दोन थर. मध्ये पडदा आहे, हवा तेव्हा काढता येतो. वर जाळीची खिडकी. रंग राखाडी-नारिंगी, चेहरे आजारी दिसणार नाहीत. कापडाला झटका दिला — टप्प! एकच आवाज, मागे फडफड नाही. शिवण पालथी करून पाहिली. दुहेरी, वरून पट्टी. कोपऱ्यात बसून नखाने ओढली, हलली नाही.

"दहा मेंबरचा आहे, काका."

म्हटलं, सहाचा आहे. खरे सहा. त्यात एक इंच जास्त नाही आणि एक इंच कमी नाही. असाच पाहिजे. फार मोठा तंबू थंडीत गरम होत नाही आणि वाऱ्याला सापडतो.

"तुम्ही काय करता, काका?"

"तंबूच!"

चहा पाजला त्याने. घासाघीस झाली, ती लिहीत नाही. दोघंही खूश होऊन उठलो एवढंच.


१० जानेवारी

पिशवी ओसरीवर ठेवली आहे. आज सात जणांनी येऊन विचारलं, काय आणलं, निवृत्तीशेठ? सातही जणांना सांगितलं.


१२ जानेवारी, रविवार

पुष्पांजली काल संक्रांतीसाठी आली. सगळे जमले म्हणून आज पक्कं माप.

गोदामाची फरशी झाडून घेतली. खडूने चौदा बाय दहाची रेघ मारली. आत गाद्या टाकल्या — चार उभ्या, दोन आडव्या. पायथ्याशी एक फुटाची पट्टी चपलांना, बाजूला दोन फुटांची वाट, म्हणजे आई कोणाच्या अंगावर पाय न देता बाहेर जाईल. मग सगळ्यांना म्हटलं, झोपा.

"झोपा म्हंजे?" आई.

म्हंजे आडवे व्हा. आणि झाले सगळे आडवे! दिवसाढवळ्या, गोदामात, पाइपांच्या थप्पीशेजारी. आई दाराशी, मग छाया, समीक्षा, अनुपमा. आडव्या दोन गाद्यांवर कुलदीप आणि पुष्पांजली. मी टेप घेऊन भोवती फिरलो. कुलदीपचे पाय रेघेबाहेर चार बोटं. म्हटलं, गुडघे दुमड. समीक्षाला अर्धी गादी पुरेल असं अनुपमा म्हणाली. नाही! लहान माणूस रात्रीत घड्याळाच्या काट्यासारखं फिरतं, त्याला पूर्ण गादी. हे मंडपवाल्यालाच ठाऊक.

आई वर पाहत म्हणाली, "मेल्यावर बी इतकं मोजणार नाहीत मले."

हसण्यात सगळ्यांनी जागा सोडल्या, परत झोपवावं लागलं.

शेवटी बसलं. अगदी बसलं! एक इंच वाया नाही. मी रेघेबाहेर उभा राहून पाहिलं — माझी सगळी माणसं एका चौकोनात. मोठमोठे मंडप उभारले, पण असं पाहून छाती भरून आली नव्हती कधी.

"झालं का सगळ्याइचं?" छाया झोपल्याझोपल्या.

झालं.

"परत मोजा."

बोट लावून मोजले. सहा. म्हटलं, छाया, सातशे वीसमध्ये चार चुकलो होतो, सहामध्ये चुकेन का?

 सगळे उठले, अंग झटकून गेले, ती तशीच पडून गोदामाचे पत्रे पाहत होती. म्हटलं, पाठ दुखते का? "नाही." आवाज दुखण्याचा नव्हताच. माझ्या कानाला तो जरा वेगळा लागला. कसला ते कळलं नाही. बहुतेक तिळाचे लाडू राहिले असतील.


१४ जानेवारी

संक्रांत. जे जे तिळगूळ द्यायला आले त्यांना खडूची रेघ दाखवली.


१५ जानेवारी

पाण्याची परीक्षा. अंगणात तंबू लावला — तेवीस मिनिटं. आत सगळे, बाहेर मी मोटारीचा पाइप घेऊन. चारी बाजूंनी मारलं. आतून समीक्षा ओरडत होती, "नाही गळत, आबा! अजून मारा!" आई आतून — "पुरे झालं रे, गारठा लागून राह्यला!"

एक थेंब आत नाही. मी मात्र नखशिखांत भिजलो.

कंपनीच्या खुंट्या मात्र फेकल्या. स्वेटर विणायच्या सुयांसारख्या! त्यांच्या जागी माझ्या लोखंडी खुंट्या घेतल्या, त्या नारायणरावांच्या वेळच्या तीनही त्यांत आहेत.


१७ जानेवारी, शुक्रवार

उद्या निघायचं. यादी केली.

तंबू. खुंट्या चौदा, दोर जास्तीचे चार. घण. गाद्या सहा, उशा सहा, ब्लँकेटं बारा — पौषाची थंडी आहे. शेगडी, भाकरीचं पीठ, वांगी. आईची काठी, आईचं तेल. पाण्याचे दोन कॅन. कंदील.

छायाला वाचून दाखवली. "काही राह्यलं का?"

तिने यादी हातात घेतली, वरून खाली पाहिली, परत दिली. "बरं."

बरं दोन प्रकारचं असतं. एक — जमलं. दुसरं — तुमचं तुम्ही पाहा. तीस वर्षं ऐकतो आहे, एका मात्रेवरून ओळखतो. हे दुसरं होतं. पण यादी तर पक्की आहे! दोनदा तपासली. परत विचारलं, काय राहिलं ते सांग तरी. ती म्हणाली, "तुमीच तं मोजणारे."

बायकांचं काही तरी असतं.


१८ जानेवारी, शनिवार. दुपारचे चार

रोहिणखेडच्या पुढे, धरणाच्या पाण्याला लागून, उकंडरावांचं शेत. बारा वर्षांत त्यांच्या घरची चार कार्यं मी केली आहेत, म्हणून म्हणाले, भाऊ, शेत तुमचंच समजा. एका बाजूला हरभरा, एका बाजूला कांदा, मध्ये दोन निंबांखाली सपाट पडीक तुकडा. समोर पाणी, त्यावर बगळे. अशी जागा पैसे देऊन मिळत नाही.

आम्ही दोन गाड्या. मी पिकअपमध्ये सामानासह, बाकीचे कुलदीपच्या गाडीत.

आधी जमीन ऐकली. घणाने चार ठिकाणी खुंटी ठोकून पाहिली. भद्द आवाज आला की खाली भुसभुशीत, खुंटी रात्रीत सुटते. ठण्ण आला की दगड. मधला एक आवाज असतो, भरलेल्या रांजणावर थाप मारावी तसा. तो मिळेपर्यंत तंबू हलवत राहिलो. निंबापासून अकरा हात पूर्वेला मिळाला. उकंडराव बांधावर बसून पाहत होते. "निवृत्तीभाऊ, तंबू लावून राह्यले का हिरीसाठी जमिनीतलं पाणी पाहून राह्यले?"

म्हटलं, दोन्हीले कानच लागतात.

बावीस मिनिटं! अंगणापेक्षा एक मिनिट कमी. दोर असे ताणले की बोट मारल्यावर वाजतात. पाण्यावरून वारा आला, कापडाने एकदा टप्प केलं आणि गप्प. उकंडरावांनी आत जाऊन पाहिलं, उभं राहून हात वर केला, तरी छताला लागला नाही. "हा तं बंगला हाय!"

"दहा जणांचा म्हणून विकतात," मी म्हटलं. "पण मी मोजून घेतलाय. माझ्या माणसांना असा बसतो, शिंप्याने शिवल्यासारखा. आजवर माझा अंदाज हजारात पाच-दहाच्या वर चुकलेला नाही, उकंडराव. घरच्या माणसांत तर चुकायची सोयच नाही."

"खरं हाय बाप्पा," ते म्हणाले. त्यांनी हरभऱ्याचे टहाळ उपटून दिले, पोरी ते भाजायला बसल्या.

आई वाकल्याशिवाय आत गेली! दारात थांबून मागे वळली, म्हणाली, "चांगलं केलंस, निवृत्ती." आईने शेवटचं असं कधी म्हटलं होतं ते आठवत नाही. पुष्पांजलीने फोटो काढले. मलाही उभं केलं, मी दोर तपासत होतो तर ओढून आणलं. समीक्षा आत पडून वरच्या जाळीतून कावळा पाहते आहे, चांदण्यांना वेळ आहे म्हणून.

मी गाडीच्या फाळक्यावर बसून हे लिहितो आहे. इथून तंबू पूर्ण दिसतो. चारही कोपरे ओळंब्यात. एवढं सुरेख काम मी पैसे घेऊनही केलेलं नाही.

छाया आत गाद्या टाकते आहे. हाक मारली. जातो.


त्याच दिवशी, दिवेलागणी

चार उभ्या, दोन आडव्या. खडूच्या रेघेप्रमाणे तंतोतंत. छाया दाराजवळ उभी, काखेत गुंडाळलेली आणखी एक गादी. माझी. घरूनच आणलेली, कुलदीपच्या डिकीत.

"मले गोदामातच दिसलं होतं," ती म्हणाली. "म्हटलं, पाहू कवा दिसते तुमाले." मग हळू — "सांगा, कुठं टाकू?"

मी जागा पाहिली. चपलांची पट्टी एक फूट. आईची वाट दोन फूट. दुसरी जागा नाही. कुलदीप बुटाकडे पाहत होता.

आम्ही सात आहोत.